पर्यटन आणि रहिवाशांचा निर्धास्तपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहिवाशांना आपल्या गावात सुरक्षित वाटत असेल तरच ते पर्यटनाला पाठिंबा देतात, असं आमचं म्हणणं आहे. त्यावर पर्यटन समित्यांचे सदस्य, विद्यार्थी, नगरपालिकांमधले अधिकारी आणि गर्दीने वैतागलेले रहिवासी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले तीन प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. ते ठाऊक असतील तर थेट प्रश्न ४ पासून वाचा.

१. रहिवाशांची सुरक्षितता म्हणजे चोऱ्यामाऱ्या होऊ नयेत, एवढंच ना?

नाही, आणि बहुतेक नियोजन नेमकं इथेच फसतं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४च्या मानव विकास अहवालात मानवी सुरक्षेची सात अंगं सांगितली: आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय. पर्यटनस्थळी राहणाऱ्या माणसाला यातली जवळजवळ सगळी रोज भेटतात. हंगाम संपल्यावर काम राहील का? हॉटेलांचे पोहण्याचे तलाव भरलेले असताना वस्तीच्या नळाला पाणी येईल का? रस्ता गाड्यांनी तुंबलेला असताना रुग्णवाहिका दारापर्यंत पोचेल का? पुढच्या वर्षी याच घरात राहता येईल का? पोलिसांच्या वहीत यातलं काहीच येत नाही. पण ‘इथे सुरक्षित वाटतं का’ असं विचारलं की माणूस या सगळ्याचा मिळून विचार करून उत्तर देतो.

२. ‘पाठिंबा’ कशाला म्हणायचं? लोक गप्प आहेत म्हणजे पाठिंबा आहे का?

गप्प बसण्याची कारणं बरीच असतात: सवय, नाइलाज, ‘बोलून काय होणार’ ही भावना, किंवा शेजाऱ्याचंच हॉटेल आहे म्हणून वाटणारी भीड. खरा पाठिंबा वागण्यातून कळतो. वाट चुकलेल्या पर्यटकाला माणूस स्वतःहून रस्ता दाखवतो, नव्या प्रकल्पाच्या सुनावणीला येऊन बाजूने बोलतो, पर्यटनासाठी लागणारा कर कुरकुर न करता भरतो, आपल्या मुलांनी याच धंद्यात यावं असं त्याला वाटतं. यातलं शेवटचं लक्षण आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं.

३. सुरक्षित वाटणं आणि पाठिंबा देणं यांचा संबंध जुळतो कसा?

रहिवासी पर्यटनाकडे देवघेवीच्या नजरेने पाहतात, ही मांडणी या विषयात सर्वांत जास्त वापरली जाते. पर्यटनाचे अभ्यासक जॉन अॅप यांनी १९९२ साली ती नीट बांधून मांडली. मिळतं त्यापेक्षा जास्त जातंय असं वाटलं की माणूस विरोधात जातो, असा तिचा साधा आशय. बुडालेल्या धंद्याची भरपाई दुसऱ्या धंद्याने होऊ शकते, तिथपर्यंत हे पटतं. पण मुलीला संध्याकाळी एकटीने घरी यायची भीती वाटू लागली, तर त्याची भरपाई किती पर्यटक आले म्हणजे होईल? तराजूत वजनं टाकण्याआधी तो टांगायला खुंटी लागते. सुरक्षितता ही ती खुंटी आहे. ती पक्की असेल तर लोक गर्दी, आवाज, महागाई यांचा हिशेब शांतपणे करतात आणि बऱ्याचदा पर्यटनाच्या बाजूने कौल देतात. ती हलली की फायद्याची भाषा ऐकायला कोणी उरत नाही.

याला जोडून आणखी दोन गोष्टी घडतात. निर्धास्त माणसाचा प्रशासनावर विश्वास असतो, म्हणून नव्या योजनेकडे तो संशयाने पाहत नाही. शिवाय तो पर्यटकाशी बोलतो. ओळख वाढली की आपुलकी येते आणि परका माणूस पाहुणा होतो. भ्यालेला माणूस दार लावून घेतो, आणि मग ही ओळख व्हायची वाटच बंद होते.

४. पर्यटक वाढले की गुन्हे वाढतात, हे खरं आहे का?

काही प्रकारचे वाढतात: खिसेकापूपणा, गाड्या फोडणं, दारूच्या नशेतल्या मारामाऱ्या, फसवणूक. यात लुटला जाणारा बहुधा पर्यटकच असतो. त्याच्या खिशात पैसे असतात, त्याला वाटा ठाऊक नसतात आणि खटल्यासाठी तो परत येणार नसतो.

आकडे वाचताना मात्र एक खाच आहे. गुन्ह्यांचं प्रमाण सहसा कायम राहणाऱ्या लोकसंख्येवर काढलं जातं. ऑस्ट्रियातलं हालश्टाट घ्या. तिथे जेमतेम सात-आठशे लोक राहतात आणि ऐन हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात. अशा गावात पर्यटकाचं पाकीट मारलं गेलं तर तो गुन्हा वर मोजला जातो, पण पर्यटक खाली भाजकात नसतोच. कागदावर गाव गुन्हेगारांचा अड्डा दिसू लागतं. भाजकात त्या दिवशी हजर असलेली सगळी माणसं धरली, तर चित्र पुष्कळ सौम्य होतं. तुमच्या गावाबद्दल कोणी ‘दर लाख लोकांमागे’ असा आकडा तोंडावर फेकला, तर ते लाख कोण, हे आधी विचारा.

५. पोलिस म्हणतात गुन्हे कमी झाले, लोक म्हणतात भीती वाढली. खरं कोणाचं?

दोघांचंही असू शकतं. नोंदलेला गुन्हा आणि वाटणारी भीती या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पर्यटनाला पाठिंबा द्यायचा की नाही हे लोक भीतीवरून ठरवतात. भीती वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी कायद्याने गुन्हा नसतात, किंवा इतक्या क्षुल्लक असतात की त्यांची तक्रार कोणी करत नाही. पहाटे दारासमोर फुटलेल्या बाटल्या. जिन्यात दर आठवड्याला नवे चेहरे. रात्री दोन वाजता चुकीच्या दाराची बेल. भिंतीला लागून उभा राहून लघवी करणारा माणूस.

ज्यांच्यावर गुन्हे कमी होतात त्यांनाच जास्त भीती वाटते, ही गुन्हेशास्त्रातली जुनी, वारंवार आढळलेली विसंगती आहे. तरुण पुरुष हिंसेचे बळी जास्त ठरतात, भीती मात्र वृद्ध आणि स्त्रिया जास्त सांगतात. यावरून ‘भीती खोटी आहे’ असा निष्कर्ष काढणारे अधिकारी आम्हाला नेहमी भेटतात. वृद्ध बाई घाबरून सातनंतर घराबाहेरच पडत नसेल, तर तिच्यावर हल्ला होणार कसा? तिची नोंद शून्य राहते कारण तिचं फिरणं शून्य झालेलं असतं.

६. एकाच गल्लीतल्या सगळ्यांना सारखंच वाटतं का?

अजिबात नाही. घरमालकाला आणि भाडेकरूला एकच गर्दी वेगळी दिसते (का, ते प्रश्न ८ मध्ये). रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीला उशिरापर्यंत उघड्या हॉटेलांचा उजेड आधाराचा वाटू शकतो, आणि त्याच गल्लीतल्या दारू पिऊन ओरडणाऱ्या टोळक्याची भीतीही. जपानमधल्या क्योटोच्या गिऑन भागात पारंपरिक पोशाखातल्या कलावंत स्त्रियांचा फोटोसाठी पाठलाग होऊ लागला. २०२४ मध्ये तिथल्या खासगी बोळांमध्ये पर्यटकांना मज्जाव करण्यात आला. त्या बोळांतून कामावर जाणाऱ्या स्त्रियांना जे वाटत होतं, ते दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानदाराला कदाचित जाणवलंही नसेल. म्हणून ‘गावाचं मत’ असा एकच आकडा कोणी दिला, तर तो फोडून मागा.

७. पोलिस आणि कॅमेरे वाढवले की रहिवाशांचा पाठिंबा वाढेल ना?

एका मर्यादेपर्यंत. अंधाऱ्या वाटेवर दिवे आले, गस्त दिसू लागली की सगळ्यांनाच बरं वाटतं. पण बंदोबस्त वाढला की ‘इथे काहीतरी भयंकर आहे’ असा संदेशही जातो. आणि बंदोबस्त कोणासाठी आहे, हे लोकांच्या चटकन लक्षात येतं. समुद्रकिनारा आणि हॉटेलांचा रस्ता उजळलेला, मागची वस्ती अंधारात, असं असेल तर सुरक्षाही पर्यटकांनाच विकली जातेय असं वाटतं. फेरीवाला, मच्छीमार, रस्त्यावर खेळणारी पोरं यांना ‘पर्यटकांना त्रास नको’ म्हणून हाकललं, तर त्यांच्या दृष्टीने तोच बंदोबस्त असुरक्षिततेचं कारण होतो.

बालीमध्ये पारंपरिक ग्रामसंस्थांचे स्वतःचे रक्षक असतात. त्यांना पेचालांग म्हणतात. सण, मिरवणुका आणि गर्दी तेच सांभाळतात. गणवेशातल्या बाहेरच्या शिपायापेक्षा ओळखीचा माणूस रहिवाशाला अधिक धीर देतो. अर्थात ओळखीच्या माणसाला अधिकार मिळाला की तो माजूही शकतो, त्यामुळे तक्रार करायला दुसरी जागा हवीच.

८. घरभाड्याचा सुरक्षिततेशी काय संबंध? तो तर बाजाराचा प्रश्न आहे.

आलेल्या पत्रांमध्ये सर्वांत जास्त वाद याच उत्तरावर होतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याला इथून उठवलं जाणार नाही ही खात्री, यापेक्षा मूलभूत सुरक्षितता क्वचितच असते. एखाद्या इमारतीतल्या सदनिका एकेक करून पर्यटकांना थोड्या थोड्या दिवसांसाठी दिल्या जाऊ लागल्या की उरलेल्या भाडेकरूंच्या तीन गोष्टी एकदम जातात. एक, करार संपल्यावर तो नव्याने होईल ही खात्री. दोन, शेजारी: औषध आणून देणारा, मुलाकडे लक्ष ठेवणारा, खालच्या दाराशी अनोळखी माणूस दिसला तर ‘कोण हवंय?’ असं विचारणारा. तीन, अनोळखी कोण हे ओळखण्याची क्षमताच. रोज नवे लोक चावी घेऊन जिना चढत असतील, तर चोर कोण आणि पाहुणा कोण हे कशावरून ठरवायचं? शहरात पोलिसांपेक्षा जास्त राखण शेजाऱ्यांची ही नजर करते, आणि तीच मोडते.

म्हणूनच बार्सिलोनात भाड्याचा प्रश्न पर्यटनविरोधी आंदोलनाच्या मधोमध आला. २०२४च्या जूनमध्ये तिथले महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक सदनिकांच्या परवान्यांचं नूतनीकरण होणार नाही आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत ते संपुष्टात येतील. एवढ्याने भाडी उतरतील का, यावर वाद आहे. आमच्या मते भाडी न उतरताही या निर्णयाने काही लोकांचा विश्वास परत येऊ शकतो, कारण आपल्या इमारतीत काय चाललं आहे यावर आपलाही अधिकार आहे, असं त्यांना बऱ्याच काळाने वाटेल.

९. ज्यांचं पोट पर्यटनावर आहे ते तर पाठिंबाच देणार ना?

पाठिंबा देतात, पण तो ठिसूळ असतो. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, तर २०२० मध्ये जेमतेम ४० कोटी. ज्या गावांत पर्यटनाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, तिथे घराघरांत एकाच वेळी चूल थंडावली. पर्यटन रोजगार देतं हे त्या लोकांना पाठ होतं. एका धंद्यावर विसंबून राहणं किती धोक्याचं, हे तेव्हा कळलं.

दुसरी बाजू: रोजगार आहे, पण त्यात भागत नाही. २० एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. बेटांची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणात पर्यटनावर चालते, तरीही. ज्या गावात आपण खोल्या आवरतो तिथे स्वतःसाठी खोली परवडत नाही, असं झालं की पगारपत्रकावरून माणसाची बाजू ओळखता येत नाही.

१०. पर्यटकांवर हल्ला झाला तर स्थानिक लोक पर्यटनापासून दूर जातात का?

बहुधा उलट होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरजवळ ६२ जण मारले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये बालीतल्या कुटा इथे झालेल्या स्फोटांत २०२ जणांचा बळी गेला, त्यात इंडोनेशियाचेही नागरिक होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम इथे २६ जणांची हत्या झाली. मृतांत पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक स्थानिकही होता. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात निषेध म्हणून बंद पाळला गेला. अशा वेळी रहिवासी आणि पर्यटक एकाच बाजूला येतात, कारण हल्ला दोघांवर असतो: एकाच्या जिवावर, दुसऱ्याच्या पोटावर आणि इभ्रतीवर.

हा एकोपा टिकेल का, हे नंतरच्या महिन्यांवर अवलंबून असतं. तपासाच्या नावाखाली स्थानिकांकडेच संशयाने पाहिलं गेलं, किंवा नुकसानभरपाईची चर्चा फक्त हॉटेलांपुरती राहिली, तर जवळ आलेले लोक पुन्हा दुरावतात.

११. साथ किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर पर्यटन कधी सुरू करावं?

रहिवाशांना विचारून. याची दोन उदाहरणं जवळजवळ विरुद्ध टोकांची आहेत.

चिलीच्या ताब्यातलं रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, मोआई पुतळ्यांसाठी प्रसिद्ध. मार्च २०२० मध्ये ते पर्यटकांसाठी बंद झालं. बेटावरची आरोग्यसेवा तुटपुंजी आणि मुख्य भूमी साडेतीन हजार किलोमीटर लांब. २०२१ मध्ये रहिवाशांचा कौल घेतला गेला आणि पर्यटन हेच उत्पन्नाचं मुख्य साधन असूनही बहुमत ‘इतक्यात नको’ असंच आलं. बेट उघडलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये.

हवाईतल्या माऊई बेटावर ८ ऑगस्ट २०२३ रोजी लागलेल्या वणव्यात लहायना गाव जळालं आणि शंभरहून अधिक लोक दगावले. दोनच महिन्यांनी पश्चिम माऊईत पर्यटन पुन्हा सुरू करायचं ठरलं. घरं गमावलेली कुटुंबं तेव्हा हॉटेलांमध्येच राहत होती आणि पर्यटक आले तर आपल्याला तिथून हलवतील या धास्तीत होती. हजारो लोकांनी मुदत पुढे ढकलण्याच्या निवेदनावर सह्या केल्या. हे लोक पर्यटनविरोधी होते का? त्यातले बरेचजण पर्यटनावरच जगणारे होते. आधी छप्पर, मग पाहुणे, एवढाच क्रम त्यांना हवा होता.

१२. धोकादायक समजल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्येही लोक पर्यटनाचं स्वागत करतात. मग तुमचा मुद्दा खोटा ठरत नाही का?

चांगली हरकत आहे. कोलंबियातल्या मेडेयीन शहरातली कोमुना १३ ही वस्ती एकेकाळी सशस्त्र टोळ्यांच्या लढाईचं मैदान होती. २००२ मध्ये तिथे मोठी लष्करी कारवाई झाली. २०११च्या डिसेंबरात टेकडी चढायला उघड्यावरचे सरकते जिने बसवले गेले आणि भिंतींवरची चित्रं पाहायला पर्यटक येऊ लागले. अशा ठिकाणी पर्यटक हीच सुरक्षिततेची खूण असते. तो येतो म्हणजे गोळीबार थांबला आहे. तो येत राहिला तर सरकारही दिवे आणि रस्ते चालू ठेवेल. पर्यटकाला एक प्रकारचा साक्षीदार मानलं जातं.

म्हणजे इथेही पाठिंबा सुरक्षिततेवरच उभा आहे, फक्त बाण उलट दिशेने, पर्यटनाकडून सुरक्षिततेकडे जातो. आणि तो कायम तसाच राहत नाही. बंदुकांची भीती ओसरली की गर्दी, कर्कश आवाज, घरात डोकावणारे कॅमेरे हे प्रश्न वर येतात. कोमुना १३ मध्ये ते आलेही आहेत.

१३. प्रवेशशुल्क किंवा बंदी घातली तर रहिवाशांना सुरक्षित वाटतं का?

उपाय कशावर आहे, त्यावर ते ठरतं. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. गर्दीत फारसा फरक पडला नाही अशी टीका झाली, आणि आपलं शहर तिकीट लावलेलं संग्रहालय झालं म्हणून काही रहिवाशांनी निदर्शनंही केली. याउलट २०१९च्या जूनमध्ये तिथे एक अवाढव्य क्रूझ जहाज धक्क्यावर आणि एका छोट्या बोटीवर आदळलं, त्यानंतर अशा जहाजांना रोखा ही रहिवाशांची जुनी मागणी आणखी जोरात पुढे आली. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहराच्या मुख्य जलमार्गावर बंदी आहे. हा उपाय लोकांना भावला, कारण डोळ्यांसमोर दिसणारा धोका त्यामुळे दूर झाला.

फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८ मध्ये सांडपाण्यामुळे सहा महिने पूर्ण बंद ठेवलं गेलं. समुद्र स्वच्छ झाला, पण तेवढे महिने कामगार घरी बसले. पर्यावरणाची सुरक्षितता एका गटाला मिळाली आणि तिची किंमत दुसऱ्या गटाने मोजली.

१४. आमच्याकडे अजून पर्यटक थोडेच आहेत. आत्तापासून काळजी कशाला?

पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये रहिवाशांच्या मनःस्थितीचे चार टप्पे सांगितले: उत्साह, उदासीनता, चीड, वैर. ही शिडी फार सरळ आहे, सगळी गावं अशीच चढत नाहीत, ही तिच्यावरची टीका रास्तच आहे. पण एक गोष्ट तीतून शिकण्यासारखी आहे. उत्साहाच्या काळात कोणी नियम करत नाही, आणि वैराच्या काळात केलेले नियम कोणी मानत नाही. घरं किती दिवस भाड्याने द्यायची, रात्री आवाज कुठवर, पाणी आधी कोणाला, रुग्णवाहिकेची वाट मोकळी कशी राहील, हे ठरवायला पर्यटक थोडे असतानाचाच काळ बरा.

१५. रहिवाशांचं मत जाणून घ्यायला सर्वेक्षण कसं करावं?

‘तुम्हाला सुरक्षित वाटतं का?’ असं मोघम विचारू नका. निम्मे लोक हो म्हणून मोकळे होतात. रात्री दहानंतर एकट्याने पायी जाता का, मुलांना रस्त्यावर खेळू देता का, शेजारी कोण राहतं हे ठाऊक आहे का, पुढची पाच वर्षं इथेच राहाल असं वाटतं का, असं विचारा. ऐन हंगामात एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा विचारा. भाडेकरू आणि हंगामी कामगार यादीत आहेत ना, ते पाहा. मतदारयादीवरून नमुना काढला तर तेच गळतात.

सर्वांत मोठी फट यापुढे आहे. जे कंटाळून गाव सोडून गेले, ते तुमच्या नमुन्यात येतच नाहीत. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटावर १९५०च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. उरलेल्यांमध्ये समाधानी लोकांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर त्यावरून परिस्थिती सुधारली असं म्हणता येईल का? शक्य असेल तर गेल्या काही वर्षांत सोडून गेलेल्यांपैकी थोड्या जणांना गाठा.

१६. विरोध करणारे लोक पर्यटकांचा द्वेष करतात का?

क्वचित. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या आणि तीच छायाचित्रं जगभर फिरली. मोर्चाच्या मागण्या मात्र घरं, पगार आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा याबद्दल होत्या. समोर दिसतो तो पर्यटक; भाडं वाढवणारा, परवाना देणारा दिसत नाही, म्हणून राग चुकीच्या माणसावर निघतो. यात काही पर्यटक घाबरले, हेही खरं, आणि निदर्शकांचं ते वागणं समर्थनीय नाही.

१७. सगळं सुरक्षित आहे, तरीही लोक पर्यटनाला पाठिंबा देत नाहीत. असं होतं का?

होतं. ज्यांचं उत्पन्न बाहेरून येतं, उदाहरणार्थ निवृत्त होऊन शांततेसाठी गावात आलेली मंडळी किंवा घरबसल्या दुसऱ्या शहरासाठी काम करणारे, त्यांना पर्यटनाची गरजच नसते. काही ठिकाणी जागेचं पावित्र्य हा मुद्दा असतो: तिथे पर्यटक कितीही सभ्य असला तरी तो नकोच असतो. अशा लोकांपुढे सुरक्षिततेचे उपाय ठेवून उपयोग नाही, कारण त्यांची हरकत ती नाही. त्यांच्याशी बोलणी कुठे, किती आणि केव्हा यावर करावी लागतात: हा माथा नको पण तो घाट चालेल, सणाच्या दिवशी नको पण एरवी चालेल. कधीकधी उत्तर साफ ‘नको’ असंच येतं, आणि ते लिहून घेऊन आराखड्यातून ती जागा वगळावी लागते.